इल्काची मूठ

श्रावण लागला की आमच्या भडगावातल्या पिठाच्या चक्क्यांना वेगळाच मान येतो. एरवी ज्वारी, बाजरी, डाळ, काहीही एकामागून एक दळणारी चक्की नागपंचमी झाली की झाडून-पुसून लख्ख होते आणि दारावर खडूनं लिहिलेली पाटी लागते, ‘आज फक्त रोटांचं दळण’. परवा दूध आणायला म्हणून बाहेर पडले तर ती पाटी दिसली. आतून ताज्या पिठाचा गरम वास येत होता. बायका डबे पोटाशी धरून रांगेत उभ्या होत्या आणि एकमेकींच्या डब्याला डबा लागू नये म्हणून जपत होत्या. मी तिथं जरा जास्तच रेंगाळले. तोवर दूध संपलं आणि मी हात हलवत घरी आले.

खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाई समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरी येते, नारळाला नथ घालून पाटावर बसते, बायकांची गाणी ऐकते आणि सोमवारी नदीवर जाते, एवढं सांगता येतं. रोटांपाशी आलं की अडखळायला होतं. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे. कुणाकडे फक्त पुरुषांच्या नावानं घेतात, कुणाकडे बायका-पोरी सगळ्यांच्या. कुणी सुरतेला नोकरीला असो की पुण्याला शिकायला, त्याची मूठ घ्यायचीच. ते सगळे गहू एकत्र दळायचे, त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करायच्या आणि ते फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. परक्याला घास द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. लग्न झालं त्या वर्षी माझी मूठ पांझरेकाठाहून गिरणाकाठी आली. आईनं फोनवर सांगितलं, या वर्षी तुझी नाही घेतली गं. ती अगदी सहज बोलली होती. मी मात्र फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. आधार कार्डावर नाव बदललं तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मी इथल्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. आठवड्यात एक तास अवांतर वाचनाचा असतो, म्हणजे वेळापत्रकात असतो. प्रत्यक्षात तो तास गणिताचे सर उसना मागतात आणि परत करत नाहीत. काही वर्षांपूर्वी एकदा मात्र मी हट्टानं तो धरून ठेवला होता. ग्रंथालयातून, म्हणजे हेडसरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून, मला एक पातळसं पुस्तक मिळालं होतं. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. कुठल्याशा थंड देशात युद्ध चालू असताना एका मुलीनं लिहिलेली डायरी, मराठीत आणलेली. मुलीचं नाव इल्का. वय आमच्या सातवीएवढंच. शहराला शत्रूनं वेढा दिलेला, आणि ही पोर रोज रात्री मेणबत्तीच्या तुकड्यावर चार ओळी लिहितेय.

युद्धाची डायरी शिकवायची म्हणजे मुलं गंभीर होतील, डोळे पुसतील अशी माझी कल्पना होती. कसलं काय! भोंगा झाला की इल्काच्या घरचे सगळे तळघरात पळतात, असं वाचलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, तिना घर म्हैस नव्हती का?” माणसं पळतील तळघरात, पण म्हशीला जिन्यावरून खाली कसं न्यायचं? यावर अख्खा तास गेला. कुणी म्हणालं, दोर सोडून द्यायचा, ती तिची जाईल. कुणी म्हणालं, आमचे आबा म्हशीला सोडून तळघरात उतरणारच नाहीत, मग आम्हालाही वरच थांबावं लागेल. मग भडगावात तळघर कुणाकडे आहे याची चौकशी झाली. कुणाकडेच नव्हतं. शेवटी शाळेमागच्या कोरड्या विहिरीवर एकमत झालं, आणि पुढचे काही दिवस मधल्या सुट्टीत तिच्या कठड्यापासून मुलांना हुसकावण्यात आम्हा शिक्षकांच्या नाकी नऊ आले.

पण हळूहळू ती मुलगी वर्गात येऊन बसली. मुलं तिच्याबद्दल गैरहजर विद्यार्थिनीबद्दल बोलावं तशी बोलू लागली. इल्काला आलुबुखारचा मुरंबा आवडतो, इल्काचं तिच्या काकूशी पटत नाही, इल्काला भागाकार येत नाही. खुर्च्यांचे पाय तोडून शेगडीत घातले तेव्हा सगळ्यांना हळहळ वाटली, आणि काकूनं आपली खुर्ची तेवढी वाचवली म्हणून काकूचा रागही आला. मी मुलांना घरून आपापली डायरी लिहून आणायला सांगितली. निम्म्याहून जास्त वह्यांत एकच वाक्य होतं, ‘आज काही झालं नाही.’ मी लाल पेन उचललं आणि थांबले. आदल्याच तासाला वाचलं होतं, इल्कानंही एका रात्री हेच लिहिलं होतं. वेढ्यातल्या शहरात दिवसभर काही झालं नाही, यापेक्षा मोठी बातमी कुठली असणार? मी त्या वह्या तशाच परत दिल्या. पालकांना वाटलं, मॅडमनी तपासलंच नाही.

वाचायचं काम दीपालीकडे होतं. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता. उलट थोडा घोगराच होता, पण ती वाचताना कुठं थांबायचं हे तिला बरोबर कळायचं. तिचे वडील फौजेत. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल नाही. चाळीसगाव काय, भडगाव काय, गावोगावी घरटी नाही तरी गल्लीटी एखादा फौजी असतोच. पोरं पहाटे रस्त्यावर पळायला जातात ती भरतीसाठीच. दीपालीच्या वडिलांचा दर रविवारी फोन यायचा आणि सोमवारी वर्गाला त्याचा वृत्तांत मिळायचा. तिकडे बर्फ पडला, पप्पांनी भरीत केलं पण वांगी आपल्यासारखी नव्हती, असलं काही.

त्या श्रावणाच्या तोंडाशी सीमेवर काहीतरी पेटलं. टीव्हीवरची माणसं स्टुडिओत बसून रोज लढाई जिंकत होती. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तोफा आणि विमानं. दीपालीच्या वडिलांचा फोन त्याच सुमारास यायचा बंद झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला. कुणी म्हणे वरच्या चौकीवर नेलंय, तिथं फोन लागत नाही. कुणी म्हणे बोलायलाच मनाई आहे. नक्की कुणालाच काही माहीत नव्हतं. दीपाली शाळेत येत होती, वाचतही होती. फक्त सोमवारचा वृत्तांत थांबला होता आणि कुणी तो मागत नव्हतं. सातवीतली मुलं किती समंजस असतात हे त्यांना मार्क देताना आपण विसरतो.

आणि इकडे पुस्तक संपत आलं होतं. शेवट मला ठाऊक होता, मी आधीच वाचून ठेवला होता. इल्काची डायरी मध्येच तुटते. शेवटच्या नोंदीखाली छापणाऱ्यानं एक ओळ टाकली आहे, की या मुलीचं पुढं काय झालं ते कळू शकलं नाही. ती ओळ दीपालीनं, तिच्या त्या घोगऱ्या आवाजात, सगळ्या वर्गासमोर वाचायची? मला ते झेपेना. हेडसरही म्हणाले, राहू द्या सध्या, काहीतरी हसरं घ्या. मी एक विनोदी धडा काढला. वर्गातलं एकही पोर हसलं नाही. तास सुटल्यावर दीपाली टेबलापाशी आली. शाळेत ती माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायची, त्या दिवशी घरच्या बोलीत बोलली.

“मॅडम, मनामुळे बंद करं ना तुम्ही?”

मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही गं, कानबाई झाल्यावर घेऊ. तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसलेला नव्हता.

खरं तर मला स्वतःलाच कळत नव्हतं, की मी कुणाला जपतेय. मोठ्यांना एक खोड असते. मुलांना दुःख कळू नये म्हणून आपण पुस्तक मिटतो, पण दुःख काही पुस्तकात नसतं. ते घरी चार्जिंगला लावलेल्या, न वाजणाऱ्या मोबाइलपाशी बसलेलं असतं. पुस्तकात फक्त एक मैत्रीण होती, तेवढी मी काढून घेतली होती. हे मला तेव्हा एवढं नीट सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त जीव टांगणीला लागला होता.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटत असताना फाटकातून एक बाई सरळ माझ्याकडे आल्या. नऊवारी, हातात पिठाचा स्टीलचा डबा, वर फडकं बांधलेलं. दीपालीची आजी. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी त्यांना ओळखत होते, पण त्या शाळेत कधी आल्या नव्हत्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. डबाही खाली ठेवला नाही.

“तुम्ही काय शिकाडी राहिनात आमनी पोरले?” त्यांनी विचारलं. “ही इल्का कोन शे? कोनी शे?”

कोण ही, कुणाची, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. हळूहळू उलगडा झाला. अक्कांकडे मूठ बायका-पोरींसकट सगळ्यांच्या नावानं घेतात. शुक्रवारी सकाळी त्यांनी एकेकाचं नाव घेत गहू काढले. मुलाची मूठ काढताना हात जरा थांबला, मग नेहमीपेक्षा भरून काढली. त्या हात धुवायला उठल्या तेवढ्यात दीपालीनं स्वतःच्या हातानं आणखी सव्वा मूठ त्यात टाकली. दळण होऊन आलं. शनिवारी पहाटे पाट धुताना मात्र तिला राहवेना. आता कानबाई घरात येणार, तिच्यापासून काय लपवायचं, असं म्हणून तिनंच आजीला सांगून टाकलं, की एक मूठ इल्काची आहे.

मला आधी हसूच आलं. कुठली ती बर्फातली पोर, आणि तिची मूठ गिरणाकाठच्या पिठात! पण अक्कांचा चेहरा पाहून हसू जिरलं. परक्याची मूठ घेतली याचा त्यांना राग होता, पण भीती वेगळीच होती. मूठ जित्या माणसाची घेतात. गेलेल्याची घेत नाहीत. इल्का जर या जगात नसेल, तर गेलेल्या माणसाचे गहू त्या पिठात होते, आणि त्याच पिठात त्यांच्या मुलाचे होते. गहू असते तर निवडून बाजूला तरी काढले असते. पिठातून कुणाला कसं वेगळं करणार? त्या डबा धरून उभ्या होत्या त्या एवढ्यासाठी. मी सांगेन तसं त्या करणार होत्या. पीठ नदीत सोडायचं असेल तर वाटेतच सोडून, नव्यानं गहू काढून, पुन्हा चक्कीवर जायचं होतं.

“एवढंच सांगा, मॅडम. जित्ती शे का ती?”

शिक्षकाला उत्तराची सवय असते. ‘आहे’ म्हटलं असतं तर एका शब्दात सगळं मिटलं असतं. अक्का घरी गेल्या असत्या, रोट झाले असते. मनात तो शब्द तयारही होता. पण ही बाई मला विचारायला एवढ्या लांब चालत आली होती ती मी पुस्तक वाचलंय म्हणून. टीव्ही तिच्याशी खोटं बोलत होता, शेजारी धीर म्हणून खोटं बोलत होते. त्यात आणखी मी एक कशाला? आणि दुसरंही होतं. इल्काचं काय झालं याबद्दल माझ्या मनानं केव्हाच काय ते धरून ठेवलं होतं. वेढा, थंडी, उपास, मग डायरी थांबली. शहाण्या माणसाला यातून जे कळायचं ते कळतं. पण ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलेलं होतं.

मी म्हटलं, अक्का, माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पुस्तकातही तेवढंच लिहिलंय.

मैदानात मुलं दप्तरं आपटत घरी निघाली होती. कुंपणापलीकडे कपाशीत निंदणी चालली होती, तिथल्या बायकांचे आवाज येत होते. अक्कांनी डब्यावरचं फडकं सोडलं, आतल्या पिठाकडे पाहिलं आणि पुन्हा गाठ मारली, मघापेक्षा घट्ट.

“माहीत नही, म्हंजे शे,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी नंतर कितीतरी दिवस त्या वाक्याशी भांडले. हे काही खरं नव्हे. माहीत नाही म्हणजे माहीत नाही, त्यातून ‘आहे’ कसं निघेल? उद्या वाईट बातमी आली तर या ‘आहे’चं काय करायचं? वर्गात एखाद्या मुलानं असं उत्तर लिहिलं तर मी अर्धासुद्धा मार्क देणार नाही. पण अक्का परीक्षेला बसलेल्या नव्हत्या. पीठ नदीत सोडलं असतं, तर ज्याची बातमी नाही तो नाहीच, असं त्यांच्या हातून ठरलं असतं, आणि मग ते एका इल्कापुरतं थांबलं नसतं. घरातला न वाजणारा फोन तिथंच होता. परक्या पोरीला घरात घ्यायचं किंवा स्वतःच्या पोराला बाहेर काढायचं, यातलं एक त्यांना त्या दोन मिनिटांत निवडायचं होतं. आता वय वाढलं तशी मी त्या वाक्याशी कमी भांडते. पटलेलं मात्र अजूनही नाही.

रविवारी कानबाई बसली. गल्लीत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर आणि कटाच्या आमटीचा वास कोंदला होता. सोमवारी गिरणेवर सगळ्या कानबाया निघाल्या त्यात दीपालीच्या घरचीही होती, पाट तिच्या काकांच्या डोक्यावर. धरणातून पाणी सोडलेलं, नदी गढूळ आणि भरलेली. अक्कांनी मला लांबून पाहिलं आणि नुसतं हात जोडल्यासारखं केलं. इल्काच्या वाटणीचे रोट कुणी खाल्ले असतील, हा प्रश्न माझ्या मनात सारखा येत होता. विचारायची सोय नव्हती. रोट हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला असतो.

दीपाली हल्ली देवपुरात कॉलेजला असते, माझ्या माहेरापासून जवळच. मी आईकडे गेले की कधी कधी भेटते. तिची मूठ अजून अक्काच काढतात, डोळ्यांना नीट दिसत नाही तरी. मध्ये मी तिला विचारलं, कॉलेजात काय वाचतेस? म्हणाली, अकाउंट्स. आम्ही दोघी हसलो. सगळ्या वाचणाऱ्या पोरींनी पुढं वाचतच राहायला हवं असं थोडंच आहे.

तर त्या वर्षी कानबाई गेल्यावर मी कपाटातून ते फाटकं पुस्तक पुन्हा काढलं. हेडसरांना सांगितलं, राहिलंय तेवढं संपवते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली. वर्गात पुस्तक मी टेबलावर ठेवलं आणि विचारलं, कोण वाचणार? मी मुद्दामच कुणाचं नाव घेतलं नाही. दीपाली उठली. तिच्या घरी फोन अजूनही आला नव्हता, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या नोंदीत विशेष काही नाही. इल्काचे केस फार वाढले आहेत, उद्या काकू कापून देणार आहे, पण घरात कात्री सापडत नाहीये. सापडली नाही तर सुरीनं कापू म्हणते, मी नाही कापू देणार. बस, एवढंच. दीपालीनं ते वाचलं, पुढची छापील ओळही वाचली, जिथं थांबायला हवं तिथं थांबत वाचली. पुस्तक मिटलं. मग तोच म्हशीचा प्रश्न विचारणारा पोरगा हळूच म्हणाला, म्हणजे ती मेली का? दीपाली मागं वळली आणि शांतपणे म्हणाली, असं लिहिलेलं नाहीये. आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी मी फळ्यावर काही लिहिलं नाही. स्वाध्याय दिला नाही.

पौर्णिमा होऊन गेली. मुगाच्या शेंगा तोडायला आल्या म्हणून निम्मा वर्ग गैरहजर राहू लागला. अशाच एका दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होते आणि दीपाली धावत आली. चपला दारातच सुटल्या, एक उलटी पडली.

“पप्पाना फोन उना,” ती म्हणाली.

वडील सुखरूप होते. वरच्या चौकीवर होते, तिथून खाली यायला मिळालं नव्हतं, बस. फोनवर पहिल्यांदा त्यांनी अक्कांना मागितलं आणि अक्का फोन कानाला लावून नुसत्या ‘हां, हां’ करत राहिल्या. हे सगळं ती एका दमात सांगत होती आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. गणिताच्या सरांनी कुठून तरी पेढे मागवायची घोषणा केली. हेडसर बाहेर आले, ऐकलं आणि चष्मा पुसत परत आत गेले.

ती जायला वळली, दारापाशी थांबली, चपला सरळ करून पायात घातल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण काहीतरी विचारात असल्यासारखी ती क्षणभर बाहेर मैदानाकडे बघत राहिली. मला वाटलं, पेढ्यांसाठी थांबली असेल.

“आते एकीनीच खबर राहिनी, मॅडम,” ती म्हणाली.